घरोघरची यादी कुणाच्या हाती? १८९७चा प्लेग, २०२०चा करोना आणि पोलीस

१/ सप्टेंबर २०२०. राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली होती. आमच्या देवळाली प्रवरेतही पथके दारोदार फिरत होती. घरात माणसे किती, वये काय, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, ताप किती, ऑक्सिजन किती, हे सारे नोंदले जात होते. आमच्या आळीतील एका आजींनी उत्तरे देण्याआधी एकच प्रश्न विचारला, “बाई, ही यादी पोलिसांकडं तर जात नाही ना?”

२/ त्या वेळी आम्हां पोरांना हसू आले. पुढे इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला, प्लेगच्या काळाविषयी वाचन वाढले आणि लक्षात आले की आजींचा प्रश्न भाबडा नव्हता. महाराष्ट्राने तो सव्वाशे वर्षांपूर्वीही विचारला होता आणि त्याच्या उत्तरासाठी मोठी किंमत मोजली होती. आजचा धागा त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो.

३/ प्रश्न नेमका असा मांडू. रोग आटोक्यात आणण्यासाठी राज्यसंस्था लोकांकडून माहिती घेते : कोण आजारी आहे, कुठे राहतो, कुणाला भेटला. हीच माहिती गुन्ह्याच्या तपासासाठी किंवा शिक्षेसाठी पोलिसांना मिळावी का? मिळाली तर पुढच्या साथीत लोक खरे सांगतील का?

४/ आरंभ प्लेगच्याही आधी होतो. १८६८ साली ब्रिटिश सरकारने सांसर्गिक रोगांविषयीचा एक कायदा केला. सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवणे हा त्याचा हेतू. त्यासाठी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १८७० साली तो मुंबईतही लागू झाला.

५/ कोलकात्यात ही नोंदणी पोलीस ठाण्यांत होत असे. तपासणीला न गेलेल्या स्त्रीला अटक होई. म्हणजे आरोग्याची नोंदवही आणि गुन्ह्याची नोंदवही एकच झाली. परिणाम अपेक्षित तोच झाला. स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या आणि अनेकींनी शहर सोडले. जिथे रोग शोधायचा होता, तिथेच तो दिसेनासा झाला. १८८८ साली हा कायदा रद्द करावा लागला.

६/ यानंतर आठच वर्षांनी प्लेग आला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये महापालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक मोठ्या संख्येने शहर सोडून जाऊ लागले.

७/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. पहिले कलम नाव आणि व्याप्तीचे. दुसऱ्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले : रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी, आणि संशयितांना इस्पितळात किंवा अन्यत्र वेगळे ठेवणे.

८/ आता उरलेली दोन कलमे नीट पाहा. तिसऱ्यानुसार हुकूम मोडणारा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हेगार ठरतो. चौथे कलम सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देते. हुकूम देणाऱ्याला संरक्षण आहे, तो मोडणाऱ्याला शिक्षा आहे. रुग्णाकडून घेतलेल्या माहितीला मात्र कसलेच संरक्षण नाही.

९/ एका परीने १८९७च्या कायदेमंडळाला हा विषय सुचला नाही, याचे नवल नको. तेथे रुग्णाच्या बाजूने बोलणारा जवळजवळ कुणी नव्हता. पण परिणाम असा झाला की तिसऱ्या कलमामुळे आजार लपवणे हे पोलिसांच्या कक्षेत आले. आजार सांगणे म्हणजे स्वतःच्या घरावर झडती ओढवून घेणे, असा अर्थ लोकांनी लावला.

१०/ पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. मार्च १८९७पासून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. झडतीच्या पथकांत गोरे शिपाई होते. घरातील आजारी माणसाची खबर देणे सक्तीचे झाले. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करता येत नसे. ही नोंद केवळ आकडेवारीसाठी नव्हती. त्या नोंदीमागोमाग शिपाई घरात शिरत, सामान बाहेर काढत, घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत.

११/ देवघरात आणि माजघरात बुटांसह शिरणारे शिपाई, स्त्रियांची चव्हाट्यावर तपासणी, सामानाची नासधूस अशा तक्रारींनी त्या वेळची वृत्तपत्रे भरली. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. हा भाग आपण शाळेत शिकतो. त्याआधी घरोघर काय घडत होते, ते मात्र आपल्या पुस्तकांत क्वचितच येते.

१२/ घरोघर लपवाछपवी चालली होती. आजारी माणसाला माळ्यावर, अडगळीच्या खोलीत किंवा नातलगांकडे दडवले जाई. प्लेगचा मृत्यू साध्या तापाच्या नावावर खपवला जाई. वैद्याला बोलावणेही धोक्याचे वाटे, कारण वैद्याला कळले की सरकारला कळणार. साथ रोखण्यासाठी सर्वांत मोलाची असते ती लवकर मिळणारी खरी बातमी. सक्तीने नेमका तिचाच बळी घेतला.

१३/ याच मार्च महिन्यात पुण्याजवळ दुसरेही एक दृश्य दिसते. हडपसरजवळ सासाने मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणल्याची आठवण प्रसिद्ध आहे. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१४/ रोग एकच, परिसर एकच, महिनाही एकच. एका ठिकाणी शिपाई रुग्ण शोधत होते आणि लोक त्याला लपवत होते. दुसऱ्या ठिकाणी कुणाच्याही हाती दंडुका नव्हता आणि रुग्ण उपचारापर्यंत पोहोचत होते. माहिती कोण मागतो आणि मागणाऱ्याच्या हातात आणखी काय आहे, यावर उत्तर ठरते.

१५/ सरकारलाही हे हळूहळू उमगले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातील आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली आणि गोळीबार झाला. त्यानंतरच्या काळात घरझडती आणि सक्तीचे स्थलांतर यांचा जोर कमी करण्यात आला. समाजातील प्रतिष्ठितांची मदत घेणे आणि लस स्वेच्छेने टोचणे यांवर भर वाढला. प्लेग पुढे कित्येक वर्षे राहिला. सक्ती मात्र पहिल्या दोन वर्षांतच अपयशी ठरली होती.

१६/ धोरण सैल झाले, पण कायदा जसाच्या तसा राहिला. स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. मार्च २०२०मध्ये करोनासाठी महाराष्ट्राने जे अधिकार वापरले, ते याच चार कलमांतून आले. प्लेगच्या दिवसांत कल्याणला उतारूंची तपासणी होत असे. आता विमानतळांवर होऊ लागली आणि घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला जाऊ लागला.

१७/ हा शिक्का म्हणजे उघड्यावर ठेवलेली आरोग्याची नोंदच होती. शिक्का पाहून सहप्रवाशांनी गलका केल्यावर चौघांना पालघर स्थानकात रेल्वेतून उतरवण्यात आल्याची बातमी मार्च २०२०मध्ये सर्वांनी वाचली. शेजारच्या कर्नाटकात विलगीकरणातील लोकांचे पत्ते सरकारनेच प्रसिद्ध केले. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत रुग्णांच्या याद्या फिरल्या, हे तर आपण सर्वांनी पाहिले आहे.

१८/ याद्या थेट पोलिसांकडेही गेल्या. एप्रिल २०२०च्या आरंभी दिल्ली सरकारने गृहविलगीकरणातील लोकांचे पंचवीस हजारांहून अधिक मोबाइल क्रमांक पोलिसांना द्यायचे ठरवले. माणूस घरीच आहे की बाहेर पडला, हे फोनच्या ठावठिकाण्यावरून पाहण्यासाठी. ऑगस्टमध्ये केरळ पोलिसांनी रुग्णांच्या फोनच्या नोंदी दूरसंचार कंपन्यांकडून मागवल्या. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली. आपण फक्त टॉवरचे ठिकाण घेतो, असे सरकारने सांगितले आणि याचिका फेटाळली गेली.

१९/ २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप आले. माहितीचा वापर केवळ आरोग्याच्या उपाययोजनांसाठी होईल, अशी नियमावली ११ मे रोजी जाहीर झाली. पण ती नियमावली होती, संसदेचा कायदा नव्हता. जम्मू-काश्मीरमधील कुलगाम जिल्ह्यात या अ‍ॅपची माहिती पोलिसांना दिली गेल्याचे नंतर माहिती अधिकारातील एका उत्तरातून समोर आले.

२०/ आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. लॉकडाऊनमध्ये कलम १८८ खाली राज्यभरात लाखाहून अधिक गुन्हे नोंदले गेले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरही गुन्हे दाखल झाले. ते मशिदींत राहत असल्याची गुप्त माहिती मिळाली, हा त्यांचा आधार होता. लावलेल्या कलमांत साथरोग कायदाही होता.

२१/ २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, २९ परदेशी नागरिकांवरील हे गुन्हे रद्द केले. साथीच्या किंवा आपत्तीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधू पाहते आणि या पाहुण्यांची तशी निवड झाली असण्याची शक्यता दिसते, असे निकालपत्रात म्हटले आहे. न्या. सेवलीकर यांनी निष्कर्ष मान्य केला, काही निरीक्षणांशी मात्र ते सहमत नव्हते.

२२/ या प्रकरणाचे मूळ आरोग्य खात्याच्या वहीत नव्हते, खबरीत होते. तरी ते इथे सांगितले, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. साथरोग कायद्याच्या आधारे आजारापासून आरोपापर्यंतचे अंतर किती कमी आहे, ते आपल्याच जिल्ह्यात दिसले. अशा वातावरणात ‘मीही त्यांच्या संपर्कात आलो होतो’ हे एखाद्याने आपणहून येऊन का सांगावे?

२३/ दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडू. साथीत पोलिसांनी प्राण पणाला लावून काम केले आणि महाराष्ट्रात अनेक पोलीस करोनाने दगावले. शिवाय खुनाचा तपास अडला असेल आणि उत्तर आरोग्याच्या नोंदीत असेल, तर ती पाहू नये का? हा प्रश्न काल्पनिक नाही. सिंगापूरमध्ये तो प्रत्यक्ष उभा राहिला.

२४/ तेथील ‘ट्रेसटुगेदर’ अ‍ॅपची माहिती फक्त संपर्क शोधण्यासाठी आहे, असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१मध्ये संसदेत सरकारने कबूल केले की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस ती मागू शकतात आणि एका खुनाच्या तपासात ती मागितलीही होती. लोकांचा रोष उसळला. महिन्याभरात कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला.

२५/ ऑस्ट्रेलियाने मे २०२०मध्येच दार बंद केले. तेथील अ‍ॅपची माहिती संपर्कशोधाव्यतिरिक्त कशासाठीही वापरणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला, मग वापरणारा पोलीस का असेना. त्याच देशातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात मात्र दुकानांत शिरताना होणाऱ्या नोंदींचे अ‍ॅप निराळे होते. त्याला असे कुंपण नव्हते. पोलिसांनी ती माहिती तपासासाठी घेतली आणि जून २०२१मध्ये घाईने कायदा करावा लागला. कुंपण आधी घातले नाही, तर ते नंतर घालावे लागते. तोवर विश्वास निघून गेलेला असतो.

२६/ भारतात आज स्थिती काय आहे? सिंगापूरसारखीच वाट आपल्याकडेही खुली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी कोणताही दस्तऐवज लेखी आदेशाने मागवू शकत असे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच अधिकार कलम ९४ मध्ये आहे. आरोग्य सर्वेक्षणाची वही त्यातून वगळलेली नाही.

२७/ २०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. व्यक्तीची ओळख झाकून सार्वजनिक आरोग्यासाठी माहिती वापरणे वैध ठरू शकते, हेही त्याच निकालात आहे. पण २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये गुन्ह्यांच्या तपासासाठी बहुतेक बंधनांतून सूट ठेवली आहे. म्हणजे हक्क मान्य झाला, पण या विशिष्ट दाराला कडी लागलेली नाही.

२८/ अशी कडी लावणे आपल्याला जमत नाही, असे नाही. जनगणना कायदा, १९४८, कलम १५ : जनगणनेत दिलेली माहिती कुणाला पाहता येत नाही आणि ती सामान्यतः न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. एचआयव्ही कायदा, २०१७ : रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघड करता येत नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे. लोकांनी खरे सांगावे असे वाटत असेल, तर सांगितल्याचा त्रास त्यांना होता कामा नये.

२९/ साथरोग कायद्यात मात्र असे एकही वाक्य नाही. तो बदलण्याची संधी मिळाली नव्हती, असेही नाही. एप्रिल २०२०मध्ये अध्यादेश काढून त्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठरली. ती दुरुस्ती आवश्यकच होती. पण दार ठोठावणाऱ्याला संरक्षण देताना दार उघडणाऱ्याचा विचार पुन्हा राहून गेला. १८९७ची उणीव २०२०मध्ये तशीच पुढे गेली.

३०/ मग काय असावे? माझ्या मते तीन गोष्टी. आरोग्यासाठी घेतलेली माहिती आरोग्यासाठीच वापरली जाईल, हे नियमावलीत नव्हे, कायद्यात लिहिलेले असावे. अपवाद करायचाच झाला, तर तो अतिगंभीर गुन्ह्यापुरता आणि न्यायाधीशाच्या लेखी आदेशानेच व्हावा, ठाण्यातून आलेल्या पत्राने नव्हे. आणि साथ ओसरल्यावर याद्या ठरलेल्या मुदतीत नष्ट व्हाव्यात.

३१/ प्लेगचा इतिहास आपण बहुधा रँडच्या वधापर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्यातला कमी वाचला जाणारा धडा असा की पुण्यात लोकांनी रोग लपवला, तो अज्ञानापोटीच लपवला असे नाही. खरे सांगितल्यावर काय होते, ते त्यांनी शेजारच्या घरात पाहिले होते. त्यांना अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही.

३२/ देवळालीतील त्या आजींना पथकातील ताईंनी सांगितले, “नाही आजी, दवाखान्यासाठीच आहे.” आजींनी विश्वास ठेवला आणि सारे खरे सांगितले. ताईंनीही मनापासूनच सांगितले होते. मात्र त्या शब्दामागे कोणताही कायदा उभा नव्हता, होती ती केवळ एका बाईची भलाई. पुढची साथ येईल तेव्हा असेच कुणीतरी आपल्या दारात वही घेऊन उभे असेल. तिने दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी तोवर कायद्याने घेतलेली असावी. धागा समाप्त.